मुक्काम बऱ्हाणपूर, पोस्ट जिलेबी

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली, की मराठी माणूस लोणावळ्याला जातो, महाबळेश्वरला जातो, फारच हौशी असला तर कोकणात उतरतो, आणि जाईल तिथे आपल्याच सोसायटीतली माणसे भेटतात म्हणून हिरमुसून परत येतो. बऱ्हाणपूरला कोणी जात नाही. म्हणून आम्ही बऱ्हाणपूरला निघालोय हे ऐकल्यावर शेजारच्या काकूंनी चेहरा पाडून विचारले,

"कोण वारलं?"

"मुमताजमहाल," मी म्हटले.

"अरेरे! वय काय होतं?"

"अडतीस. चौदावं बाळंतपण."

"चौदावं?" काकू उंबऱ्यातच टेकल्या. "आणि यजमान काय करत होते?"

"राज्य."

यातला शब्द न् शब्द खरा आहे, फक्त १६३१ सालचा आहे. ताजमहालाची गोष्ट आग्र्याला संपत असली तरी सुरू बऱ्हाणपुरात होते. शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी इथे तळ देऊन होता, बेगम इथेच गेली, तापीपलीकडे झैनाबादेत आहूखान्याच्या बागेत तिला तात्पुरती मूठमाती दिली आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेले. ताजमहाल खरे तर इथेच तापीच्या काठी व्हायचा होता, पण जमिनीला वाळवी निघाली आणि बेत फिरला, असे गावात कोणीही सांगतो. सांगताना आवाजात शेजारच्या तालुक्याने पळवलेल्या धरणाची हळहळ असते. एका मिठाईवाल्याने मात्र आम्हाला हळहळू दिले नाही. "छोडो साहब," तो म्हणाला, "वहाँ पेठा मिलता है, यहाँ मावा जलेबी." पुढचे दोन दिवस आम्ही या वाक्याचा पुरावा गोळा करत हिंडलो.

बऱ्हाणपूरला दख्खनचा दरवाजा म्हणतात. सातपुडा ओलांडून दक्षिणेत उतरायच्या वाटेवर वर असीरगडचा किल्ला बसलेला आणि खाली तापीकाठी हे गाव. चौदाव्या शतकाच्या अखेरीला फारुकी सुलतानांनी ते वसवले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मग जो तो मुघल शहजादा दक्षिण जिंकायला म्हणून इथे येऊ लागला. दिल्लीच्या हिशोबाने दक्षिण इथून सुरू होते. भुसावळच्या हिशोबाने उत्तर इथून सुरू होते, कारण इथून पोह्यांवर शेव पडू लागते.

आता दरवाजाचे काम माणसाला आत-बाहेर सोडण्याचे. या दरवाजाने ते कधीच मनावर घेतले नाही. इथे जो आला तो पुढे जायला निघालेला होता, आणि जो आला तो इथेच अडकला. अडकला तोही तोफांनी नव्हे, बहुतेक वेळा खाण्यात, नाहीतर पिण्यात.

आमच्या टोळीतले पुढे जायला निघालेले गृहस्थ म्हणजे नाना. नाना माझे साडू. भुसावळच्या रेल्वे कंट्रोलमध्ये त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर हाताखाली गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते आता नातेवाइकांवर भागवतात. सहलीचे वेळापत्रक त्यांनी आखीव कागदावर लाल-निळ्या शाईत काढले होते. त्यात शाही किल्ला होता, आहूखाना होता, राजा जयसिंगाची छत्री होती, असीरगड होता आणि दोन मुक्कामांच्या सांध्यात बारीक अक्षरात 'जेवण – २० मि.' असे होते.

"जेवणाला वीस मिनिटं?" आमच्या हिने विचारले.

"इंजिनात पाणी भरायलासुद्धा तेवढीच लागायची," नाना म्हणाले.

नानांची बायको म्हणजे हिची थोरली बहीण, आमच्या ताई. ताईंनी बाहेरचे काही बाधू नये म्हणून दशम्या, लसणाची चटणी आणि उकळून गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या बरोबर घेतल्या होत्या. भुसावळचे पाणी तापीचे. म्हणजे जे पाणी बऱ्हाणपूरवरून वाहत भुसावळला आले, ते ताईंनी उकळले आणि रेल्वेने परत बऱ्हाणपूरला नेले.

भुसावळहून पॅसेंजर निघाली. सावदा, निंभोरा, रावेर. दोन्ही खिडक्यांत केळी. रावेर मागे पडल्यावर नानांनी "आता राज्य बदललं" अशी घोषणा केली, पण केळीच्या बागांना तसे कोणी कळवले नसावे. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत बऱ्हाणपूर जिल्ह्याने नाव दिले तेही केळ्याचेच. एकाच घडाला दोन राज्यांनी दोन बाजूंनी पाट्या लावल्या आहेत, केळे बिचारे मधल्या मध्ये पिकते आहे. सीमा बोलण्यातही सापडत नाही. स्टेशनबाहेर मी रिक्षावाल्याशी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत बोललो. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कुठून आले भाऊ, पुण्याहून काय?"

स्टेशन लालबागेत आहे आणि जुने गाव तिथून चांगले लांब. पण पोहे स्टेशनला लागूनच होते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात, परातीत वाफेने फुललेले पोहे, वर शेव, कांदा, लिंबाची फोड, आणि न मागता शेजारी येऊन बसलेली जिलेबी. पोह्यांबरोबर जिलेबी ही मध्य प्रदेशात हौस नाही, शिस्त आहे. ताईंचा शनिवार होता, त्यामुळे त्या बाजूला बसून आमचे घास मोजत होत्या. दुसरी प्लेट मागवताना मी नानांकडे चोरून पाहिले. ते घड्याळाकडे पाहत होते, पण त्यांच्या हातातही दुसरी प्लेट होती. "ही पहिल्यातच धरा," ते म्हणाले. रेल्वेत याला 'वेळेचे समायोजन' म्हणत असावेत.

तिथून कुंडी भंडारा. बऱ्हाणपूरला जाऊन दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण हे पाहावे. १६१५ साली, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखाना याच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी हेरले, ते भुयारात धरले आणि निव्वळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणले. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. वर जमिनीवर दिसतात त्या फक्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी गोल तोंडे, शंभराच्या वर, एका ओळीत. आपण लिफ्टमध्ये बसतो आणि ऐंशीएक फूट खाली उतरतो. खाली गारवा, पायाशी वाहते पाणी, भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढून दगडाचे कोपरे गोल झालेले. वरच्या तोंडातून उजेडाचा एक खांब थेट पाण्यात उभा राहतो. पाणी पूर्वीइतके राहिलेले नाही, पण आहे ते आजही कोणाला न विचारता चालते आहे.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "चारशे वर्षं. पंप नाही, कंट्रोलर नाही." भिंतीला हात लावून त्यांनी नमस्कार केला. ताईंनी ओंजळभर पाणी प्यायले, आणखी एक ओंजळ प्यायले, आणि भुसावळची बाटली मुकाट्याने पिशवीच्या तळाशी सरकवली.

हा खानखाना म्हणजे आपला दोह्यांचा रहीम. पाण्याचे मोल सांगणारा त्याचा दोहा हिंदीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी घोकला आहे. दोहा लिहून लोक थांबतात, हा गृहस्थ थांबला नाही, त्याने पाणी आणूनही दाखवले. यामागे माझ्या मते एक घरगुती कारण होते. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल हा रहीमचा जावई. तो इथे बऱ्हाणपुरात राहून दारूत इतका बुडाला, की अकबराने सासऱ्यालाच हुकूम धाडला, त्याची दारू बंद करा. रहीमने पहारे बसवले. आता दानियालला बंदुकांचा भारी शौक. एका लाडक्या बंदुकीला त्याने 'यक्का-ओ-जनाजा' असे नाव दिले होते, अर्थ एवढाच की जिची गोळी लागेल तो सरळ तिरडीवर. दारूवाचून जीव कासावीस झाला तेव्हा त्याने नोकरांना गळ घातली, आणि त्यांनी त्याच बंदुकीच्या नळीत मद्य भरून आत आणले. बंदुकीत दारू भरतात हे पहारेकऱ्यांना ठाऊकच होते, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. नळीतला गंज आणि बारूद मद्यात उतरले, शहजादा ते प्यायला, आणि बंदुकीने आपले नाव खरे केले. ही हकीकत खुद्द जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे, आणि दारूच्या बाबतीत त्या घराण्यात जहांगीराइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता.

हे १६०५ मध्ये घडले. त्यानंतर दहा वर्षांनी कुंडी भंडारा झाला. जावयाची सुटली नाही म्हणून सासऱ्याने अख्ख्या गावाला पाणी पाजले. हा कार्यकारणभाव इतिहासकारांना पटणार नाही. सासऱ्यांना पटेल.

पण पाणी आले म्हणून पिणारे सुधारले असे नाही. त्याच १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीराकडे जाताना बऱ्हाणपुरात थांबला. तेव्हा इथे शहजादा परवेझचा दरबार. पहिली भेट रीतसर झाली, बाकीचे निवांत आत बसून बोलू असे शहजाद्याने सांगितले. रोने नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली होती, तिथे सगळे बिनसले. शहजाद्याने भेटीआधी पेटी उघडली, वकील बाहेर ताटकळत राहिला, आणि ते निवांत बोलणे काही झाले नाही. पुढे १६२६ मध्ये परवेझही याच गावात, याच पायी गेला. दोन शहजादे एकाच गावात पेल्यातून गेले, आणि दोघेही दक्षिण जिंकायला निघालेले होते.

"म्हणजे पाणी टाइमावर आलं होतं," नाना म्हणाले. "पॅसेंजरच चढले नाहीत."

एव्हाना वेळापत्रक तासाभराने घसरले होते. ते सावरायला म्हणून आम्ही थेट जुन्या गावात गेलो, आणि तिथे मावा जिलेबीच्या कढईपाशी त्याचा पुरता निकाल लागला. ही जिलेबी आपल्या ओळखीची नव्हे. मावा आणि आरारूट एकत्र मळून घट्टसर भिजवतात, भोक पाडलेल्या फडक्याच्या पुरचुंडीतून कढईत जाड वेटोळी सोडतात. आच मंद. वेटोळी आधी पांढुरकी असतात, मग तांबूस होतात, मग खरपूस तपकिरी, आणि आता करपली बरे का असे आपण म्हणणार तेवढ्यात बाहेर येऊन पाकात बुडतात. पाकातून काढलेली जिलेबी पानावर पडताना आवाज करत नाही. कुरकुरणे हा तिचा स्वभाव नाही. दाताला किंचित चिवट लागते, मग मावा विरघळतो, आणि मग आपण पुढची उचलतो. मुंबईत रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडच्या बाजूला बऱ्हाणपुरी जिलेबीच्या पाट्या लागतात आणि लोक लांबून तिथे जातात. त्या जिलेबीचे हे माहेर.

ताई कढईजवळ उभ्या होत्या. त्यांच्या मनात काय चालले आहे ते चेहऱ्यावर दिसत होते.

"यात मैदा आहे का हो?" त्यांनी विचारले.

"नाही बाई. मावा, आरारूट, साखर."

ताईंनी बोटांवर हिशोब केला. मावा चालतो. आरारूट तर उपवासाचेच. साखरेला कोणाचीच ना नाही. "मग चालायला हरकत नाही," त्यांनी निकाल दिला. शनिवारचे एवढे कडक पालन मी पूर्वी पाहिले नव्हते. पाव किलोनंतर त्यांनी आणखी पाव किलो उपवास केला.

दुपारी मांडे. खानदेशात मांडे म्हटले की पुरणाचे. उलट्या खापरावर भाजायचे, कोपरापर्यंतच्या हातांवर फिरवत ताणायचे, आणि बघणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा. बऱ्हाणपूरचा मांडा त्याच घराण्यातला, पण पुरण न घेता वेगळा निघालेला. मैद्याचा गोळा हातावर झेलत झेलत पातळ होतो, उपड्या कढईवर पडतो, काही क्षणांत भाजून होतो आणि धोतराच्या घडीसारखा घडी घालून समोर येतो. तो मटणाच्या रश्श्यात बुडवून खायचा. लग्नकार्यात मांडे नसतील तर पाहुणे रुसतात म्हणे. ताईंना खायचे नव्हते, म्हणून त्यांनी परीक्षण केले. "हात बरा आहे," मांडेवाल्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "पण पुरण भरून फिरव म्हणावं, मग मानू." मांडेवाल्याने ते ऐकले. पुढचा मांडा त्याने मुद्दाम डोक्याच्या वर उडवून झेलला. ताईंनी मान हलवली. दोन कारागिरांचे जे काही बोलणे व्हायचे ते झाले होते.

जेवणाची वीस मिनिटे केव्हाच उलटली होती, तरी नानांची कळी खुलली ती गांधी चौकातल्या जामा मशिदीत. फारुकी सुलतान आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्यात संवत, शके, तिथी, नक्षत्र, घटका अशी सगळी नोंद आहे. "घटकासुद्धा लिहिली!" नाना म्हणाले. "याला म्हणतात रजिस्टर. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं, टायमिंग नसतं." त्या शिलालेखामुळे बऱ्हाणपूरची लेटलतिफी त्यांनी बरीचशी माफ केली.

रविवारी सकाळी दर्गाह-ए-हकीमी. सैयदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांचा हा दर्गा म्हणजे दाऊदी बोहऱ्यांचे मोठे श्रद्धास्थान. पांढरेशुभ्र, नीटनेटके, आणि देशोदेशीचे यात्रेकरू. जवळच्या एका दुकानदाराने आम्हाला बोहऱ्यांची थाळाची रीत समजावून सांगितली. एका मोठ्या गोल थाळाभोवती आठ जण बसतात. सुरुवात चिमूटभर मिठाने. मग गोड. मग तिखट. मग पुन्हा गोड, पुन्हा तिखट. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही. आमच्या हिला हे फार आवडले. 'आधी जेवण संपव, मग श्रीखंड' या वाक्याखाली जिचे बालपण दडपले गेले, त्या बाईला गोड आधी खाणे धर्मसंमत असल्याचे वयाच्या पन्नाशीत कळले होते. बाहेर पडताच ती जिलेबीच्या दिशेने वळली. चिमूटभर मीठ तेवढे राहिले.

नदीपलीकडे आहूखाना. कधीकाळी हा राजघराण्याचा मृगबाग. मुमताजमहाल इथे सहा महिने होती, त्या दिवसांत बाहेर काय चालले होते हे खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्याने विसरू नये. १६३० ते ३२ चा तो भयंकर दुष्काळ. गुजरात आणि दख्खन दोन्ही उपाशी होते. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, गरिबांना पैसे वाटले, असे त्याच्या दरबारी इतिहासात आहे. तेवढ्याने पुरे पडण्यासारखा तो काळ नव्हता. ज्या गावात आज मिठाईच्या दुकानापुढे उभे राहून आपण पाव किलो की अर्धा किलो याचा खल करतो, त्या गावाच्या वाटांवर तेव्हा माणसे भुकेने पडत होती. ताई तिथे थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग पिशवीतल्या राहिलेल्या दशम्या त्यांनी दारातल्या एका म्हातारीला दिल्या.

याच बागेत वीसेक वर्षांनी दुसरा एक गृहस्थ अडकला, आणि तो अडकेल असे त्याच्या कट्टर विरोधकालाही वाटले नसते. औरंगजेब. दख्खनची सुभेदारी सांभाळायला तो पुन्हा निघाला होता. वाटेत बऱ्हाणपूर, आणि बऱ्हाणपुरात मावशी. मावशीच्या परिवारातली हिराबाई नावाची गाणारी मुलगी या बागेत हिंडताना आंब्याखाली आली, उडी मारून तिने फांदीचा आंबा तोडला, आणि हिंदुस्थानचा भावी बादशहा ते पाहून जागीच गारद झाला. 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात पुढची हकीकतही आहे. हिराबाईने एकदा त्याच्या हाती मद्याचा पेला दिला. जन्मात न शिवलेला तो माणूस आधी नको नको म्हणाला, काकुळतीला आला, शेवटी पेला ओठांशी नेला, आणि तेवढ्यात तिने तो काढून घेतला. परीक्षा प्रेमाची होती, पिण्याची नव्हती. सुभेदाराचे ठाणे व्हायचे होते दौलताबादेकडे, पण मुक्काम बऱ्हाणपुरात महिनोन्महिने लांबला, आणि दिल्लीहून बापाचा तगादा सुरू राहिला. दारूने दोन शहजादे अडवले, तिसऱ्याला आंबा पुरला.

"एवढे मोठे लोक," नाना म्हणाले, "आणि एकाचंही सेक्शन क्लिअर नाही."

"आपलं तरी कुठे आहे?" ताई म्हणाल्या. असीरगड आणि राजा जयसिंगाची छत्री यांच्यावर नानांनी आदल्या रात्रीच लाल रेघ मारली होती. मिर्झाराजे जयसिंग तर शिवाजीमहाराजांशी पुरंदरचा तह करून परतीच्या वाटेवर असताना १६६७ मध्ये याच गावात वारले. दक्षिणेकडे जाणाराच अडकतो असे नाही, उत्तरेकडे परतणाऱ्यालाही हे गाव सोडत नाही.

उरल्या वेळात बहादरपूर. गावाबाहेर केळीच्या बागांतून थोडे गेले की लागते. रस्त्याकडेला केळीचे वेफर तळणारा बसला होता. तो कच्चे केळे सोलतो, किसणी थेट कढईवर आडवी धरतो, आणि चकत्या हातातून सरळ उकळत्या तेलात पडतात, मध्ये ताट नाही, परात नाही. चकत्या फुलून वर आल्या की हळद-मिठाच्या पाण्याचा एक हबका. कढई फुत्कारते, बघणारे दोन पावले मागे सरतात, तो हलत नाही. वेफर कागदात घेऊन आम्ही झाडाखाली उभे राहिलो, आणि तिथे नानांना त्यांचे दैवत सापडले.

इतिहासाच्या पुस्तकांतला बहादूरपुरा तो हाच, असे इथले लोक सांगतात. मुघल काळात बऱ्हाणपूरच्या तटाबाहेरचा हा सर्वांत श्रीमंत पुरा. १६८१ च्या जानेवारीत संभाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला आणि महिना संपायच्या आत हंबीरराव मोहित्यांचे घोडे इथे येऊन थडकले. सुभेदार बहादूरखान जागेवर नव्हता, गावात फौज नावापुरती होती. मराठ्यांनी बहादूरपुरा आणि आजूबाजूचे पुरे तीन दिवस निवांत लुटले, घरांच्या जमिनी उकरून ठेवी काढल्या, आणि खान औरंगाबादेहून धावत येईपर्यंत चोपड्याच्या बाजूने निघून साल्हेरकडे पसार झाले.

"तीन दिवस!" नानांनी वेफरचा कागद खाली ठेवला. "ठरवून आले, काम केलं, टाइमावर निघाले. मुघल काय करून राह्यले होते इथे शंभर वर्षं?"

"जेवत होते," मी म्हटले.

आणि हा फरक खरोखरच मोठा आहे. एवढ्या शतकांत बऱ्हाणपूरला येऊन वेळापत्रकाप्रमाणे परत गेलेली एवढी एकच तुकडी. त्यांनी मोहरा नेल्या, जवाहीर नेले, घोडे नेले. जिलेबीपाशी ते थांबल्याची नोंद कुठेही नाही. थांबले असते तर खानाने गाठलेच असते. मराठ्यांचे यश गनिमी काव्यात होते असे आपण शिकलो. निदान बऱ्हाणपुरापुरते ते मिताहारात होते.

आम्ही काही हंबीररावांच्या तुकडीतले नव्हे. परतीच्या गाडीआधी दराबा घ्यायचा होता. खानदेशात दराब्याचे लाडू वळतात, बऱ्हाणपुरात तो वळतच नाहीत. रवा, तूप आणि साखर इतकी फेटतात, इतकी फेटतात, की ते मिश्रण पांढरे आणि हलके होऊन आपले वजनच विसरून जाते. चमचा त्यात रुतत नाही, बुडतो. नानांनी दुकानदाराला "किती वेळ फेटता?" असे विचारले. तो म्हणाला, "हो जाए तब तक." ज्या माणसाने चाळीस वर्षे मिनिटांचा हिशोब ठेवला, त्याला हे उत्तर एरवी सहन झाले नसते. नाना नुसते "बरोबर आहे" म्हणाले आणि दोन डबे बांधायला सांगितले. दुकानदाराने काटा केला, ताईंनी काट्यावर शंका घेतली, दुकानदाराने वर एक चमचा टाकला, ताईंचे समाधान झाले, आणि दोन राज्यांमधला एक जुना प्रश्न तरी मिटला.

तुम्हाला जायचे असेल तर सांगतो. पावसाळा सरल्यावर जा, उन्हाळ्यात तापीकाठ तापलेला असतो. कुंडी भंडाऱ्याला आधी जा, कारण लिफ्ट कधी बंदही असते, आणि पाणी आधी प्यायलेले केव्हाही बरे. शाही किल्ल्यातल्या हमामाचे रंगवलेले छत मान वर करून पाहा, एवढी एक गोष्ट तिथे मान खाली न घालता करता येते. उपवास असला तरी चिंता करू नका, ताईंचा निकाल तुम्हालाही लागू आहे. मांडे खाताना भूक राखून बसा, आणि दराबा दोनच डबे घ्या, तिसरा गाडीतच संपतो. फक्त एक करा. बऱ्हाणपूरहून पुढचे आरक्षण काढू नका. मुघलांनी काढले होते.